हवेचा फुस्कारा

बातमी आली तेव्हा फिटर बस डेपोत चाकाचे नट आवळत होता.

"तुझी बायको गेली रे! आपल्याच गाडीखाली!" टाइमकीपर धापा टाकत म्हणाला.

कोणाच्या गाडीखाली, हे विचारावं लागलं नाही. जाड्या ड्रायव्हर गाडी रस्त्यातच टाकून पळत आत येत होता. सायकलवाल्याच्या कानाशी ब्रेकची हवा फुस्स करून सोडायची आणि तो दचकला की खिदळायचं, ही डेपोतली जुनी मस्करी. जाड्या त्यात पटाईत. आज दचकलेली बाई मागच्या चाकाखाली गेली होती.

फिटर पाना उगारून धावला. एक घाव खांद्यात, दुसरा बरगडीत.

"मस्करी होती रे!" जाड्या रक्त थुंकत ओरडला. चौघांनी फिटरला आवळून धरलं, म्हणून जाड्याचं डोकं वाचलं.

बायको इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला होती. साखर वाढली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी व्यायाम सांगितला. "घर, पोरगी, ड्युटी! व्यायामाला वेळ काय झाडाला लागतो?" असं म्हणून तिने बस सोडली आणि सायकल धरली. जाणंयेणं हाच व्यायाम. वर्षभरात साखर उतरली, जिना चढताना लागणारी धाप गेली. "म्हातारपणी तुला डबलसीट नेईन," ती नवऱ्याला चिडवायची.

जामिनावर सुटल्यावर जाड्या माफी मागायला दारात आला. फिटरने त्याचं डोकं चौकटीवर आपटलं आणि बत्ता उचलला. सासूने त्याचं मनगट पकडलं.

"सोडा, आई! मुडदाच पाडतो याचा!"

"पाड! लेक माझी होती, मला का त्याची दया येते? पण तू तुरुंगात, नात वाऱ्यावर, आणि उद्या दुसरा कोणी फुस्स करणारच! ह्याचं काय ते कोर्ट बघेल. तू त्या सवयीचा मुडदा पाड."

"तो कसा पाडू?"

"बसव एकेकाला सायकलवर!"

फिटरने बत्ता खाली ठेवला आणि भिंतीला टेकून ढसाढसा रडला.

दुसऱ्या दिवशी त्याने डेपोच्या आवारात एकेका ड्रायव्हरला सायकलवर बसवलं, शेजारून बस नेली आणि हवा सोडली. भलेभले मिशीवाले धाडकन आपटले. कोणाचा गुडघा फुटला, कोणाचा ओठ. आधी हशा पिकला, मग ज्याची त्याची पाळी आली तसा तो विरला. शेवटी जाड्या स्वतःहून बसला. पडला तो उठेचना.

"एवढी भीती वाटते होय रे!" तो मातीत तोंड खुपसून म्हणाला.

नागरिकहो, वेळ मिळत नाही म्हणून जो कामाच्या वाटेवरच शरीर कमावतो, त्याची थट्टा करू नका. चार हात लांबून गाडी न्या. तोही कोणाच्या तरी घरी परत निघालेला असतो.

त्या डेपोत आता कोणी हवा सोडत नाही. त्या रस्त्यावर सायकलींसाठी वेगळी पट्टी मात्र अजून आखलेली नाही.