‘मेल्डन’चं वाक्य

न्युंगची जर्मन भाषेची परीक्षा गुरुवारी होती आणि क्रियापदं अजून जिभेवर अडखळत होती. म्हणून सकाळी हाइनिश आजींची तयारी करून देताना ती जे जे करी ते जर्मनमध्ये मोठ्यानं बोले. “मी पडदा सरकवते. मी पडदा सरकवला. मी मोजे दिले.”

“कुणाला दिलेस?” चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजी पलंगावरून हटकायच्या. “वाक्य लंगडं ठेवू नये गं.”

वृद्धाश्रमात सगळे आजींना खडूस म्हणत. न्युंगला मात्र त्यांचा लळा लागला होता. व्हिएतनामहून या कामासाठी जर्मनीत येऊन तिला दीड वर्ष झालं होतं, आणि तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारं हे एकच माणूस.

मंगळवारी क्रियापदांच्या यादीत ‘मेल्डन’ आलं. “हे येतं मला,” न्युंग म्हणाली. “कळवणं. आजारी असलो की कामावर कळवायचं, घर बदललं की कचेरीत. आता तुम्ही करा वाक्य, भूतकाळात.”

“मी मुलींची नावं कळवली.”

“कुणाला? वाक्य लंगडं!” न्युंग हसली.

“गिरणीच्या कचेरीला. सत्त्याऐंशी साली, पूर्व जर्मनी होती तेव्हा. कामगार मुलींचं वसतिगृह माझ्याकडे होतं ना. तुझ्याच देशातल्या मुली. कुणाला दिवस गेले की मी कळवायची. मग पोट पाडायचं, नाहीतर विमानानं घरी. सात जणी होत्या.” आजींनी पाय पुढे केला. “दुसरा मोजा.”

मोजा न्युंगच्या हातातच राहिला. शब्दन् शब्द कळला होता. मनातल्या मनात भाषांतर करावंच लागलं नव्हतं. तिची थोरली मावशीही त्या काळी जर्मनीतच, दुसऱ्या शहरात कामाला होती. पोट पाडून घेऊन राहिली, पुढे मूल झालंच नाही. घरात त्यावर कुणी अवाक्षर काढत नसे.

“तुम्हाला... काहीच वाटलं नाही?”

“नियम होता तसा.” आजी गोंधळल्या. “रडतेस काय? व्याकरण चुकलं का माझं?”

न्युंगनं कसाबसा मोजा चढवला आणि चादरींच्या खोलीत जाऊन मटकन खाली बसली. दुपारच्या सुट्टीत तिनं मावशीला फोन लावला.

मावशीनं आजींचं बोलणं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, “म्हातारीचं डोकं ठिकाणावर आहे ना? नावं विचार. लिहून घे. आपलं नाव कचेरीत कुणी सांगितलं, हे कितीजणींना अजून ठाऊक नाही, पोरी.”

बुधवारी न्युंग पडदा न सरकवताच खुर्ची ओढून बसली. “नावं सांगा, आजी. सातही.”

असं तोडून ती कधीच बोलली नव्हती, आणि एकही शब्द अडखळला नव्हता. आजींनी मान खाली घालून चार नावं सांगितली, उच्चार पार मोडलेले. न्युंगनं ती नीट करून वहीत उतरवली.

पाचव्यापाशी आजी थांबल्या. “नाव नाही आठवत. उंच होती. जिन्यात गाणं म्हणायची.”

न्युंगनं तेही लिहिलं.