कडेवर ठमी, हातात कॅमेरा

माझा जुना कॅमेरा ठमीच्या जन्माआधी तीन आठवडे बंद पडला. आत कुठेतरी ‘टक्’ असा आवाज झाला आणि त्यानंतर त्याने डोळा म्हणून उघडला नाही. दुरुस्तीवाल्याने उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, “ताई, याचे भाग आता येत नाहीत.” मी म्हटलं, बाळ होऊ दे, मग बघू. बाळ झालं, आणि मग बघायला सवड होती कुणाला! ठमी दहा महिन्यांची होईपर्यंत तिचे जे काही फोटो निघाले ते सगळे फोनवर, तेही निम्मे माझ्या अंगठ्यासकट.

त्याआधी दर रविवारी सकाळी मी तासभर कॅमेरा घेऊन बाहेर पडायचे. बसथांब्यावर पेंगणारी माणसं, खिडक्यांच्या काचा पुसणाऱ्या बाया, स्वतःशीच भांडत चाललेले म्हातारे. ते फोटो कुणी मागत नव्हतं, कुठे छापून येत नव्हते. माझे मला आवडायचे, एवढंच. पण त्या एका तासावर माझा आठवडा चालायचा.

आता वर्ष होत आलं होतं. मधे एकदा ठमी झोपलेली असताना फोन घेऊन मी खिडकीशी उभी राहिले. खाली रस्ता होता, माणसं होती, ऊन होतं. काय काढावं तेच कळेना. पंधरा मिनिटं नुसती उभी होते. त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं की कॅमेरा तर बंद पडलाच, पण माझी नजरही गेली की काय? हे मी कुणाला बोलले नाही. नवऱ्याला एवढंच म्हटलं, “नवा कॅमेरा घेऊ या.”

आणि घरात दोन पक्ष पडले.

माझे बाबा निळ्याचे. टपाल खात्यातून निवृत्त झालेला माणूस, पण फोटोग्राफीचा नाद जन्माचा. त्यांच्या कंपनीच्या डब्यांचा रंग निळा, म्हणून आमच्याकडे तिचा कॅमेरा तो निळा, आणि दुसऱ्या कंपनीचा तो तांबडा. बाबांकडे तिच्या तीन जुन्या लेन्सा आहेत, हाताने फिरवून फोकस करायच्या. रोज लोकरीच्या फडक्याने पुसतात. “मी गेल्यावर नाही, आत्ताच देतो,” ते म्हणाले. “फक्त त्या बसतील असा कॅमेरा घे, म्हणजे झालं.”

माझे धाकटे दीर, भावजी, तांबड्याचे. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे काचेबाबतीत शेवटचा शब्द आपला अशी त्यांची पक्की समजूत. “वहिनी, निळ्याचे रंग म्हणजे उकडलेले रंग,” ते म्हणायचे. “तांबडा घ्या. छोटा, हलका, चुणचुणीत.”

“चुणचुणीत कॅमेरा!” बाबा नाकावरचा चष्मा खाली घेत. “कॅमेरा निवडताय की सून?”

नवऱ्याने दोन्ही कंपन्यांचा एक तक्ता केला. बावीस ओळींचा. शेवटी बेरीज केली तर दोन्हींना सारखेच गुण. “म्हणजे कुठलाही घे,” तो म्हणाला आणि कृतकृत्य होऊन झोपायला गेला.

शेवटी कॅमेऱ्याच्या दुकानातल्या बाईंनीच तोडगा काढला. “दोन्ही घेऊन जा. मंगळवारी एक परत आणा, एक ठेवा. पण मंगळवारी नक्की, हं. असं लोणचं घालून ठेवतात लोक.”

तर रविवारी आमच्या बैठकीच्या खोलीत परीक्षा झाली. बाबांनी भिंतीवर वर्तमानपत्राचं अख्खं पान चिकटवलं. भावजींना ते पसंत नव्हतं. ते दुकानातून डोळे तपासायचा तक्ता घेऊन आले, तोच, वर मोठं अक्षर आणि खाली मुंगीएवढी. मग पान आणि तक्ता शेजारी शेजारी. तिवई मांडली. पट्टीने अंतर मोजलं. पडदा उघडा की बंद यावरून दहा मिनिटं हमरीतुमरी झाली. दोन तास ही दोन शहाणी माणसं भिंतीवरच्या अक्षरांचे फोटो काढत होती.

सासूबाई दारातून डोकावल्या. “एवढं वाचायचंच होतं तर चष्मा लावायचा ना. घरचंच दुकान आहे.”

“आई, तू आत जा,” भावजी म्हणाले.

“जाते. पण तिला तरी हात लावू द्या. कॅमेरा तिला हवाय ना?”

मग मला हात लावू दिला. ठमीला सासूबाईंनी गालिच्यावर बसवलं आणि मी निळा घेऊन समोर बसले. “डावा तळवा खाली, लेन्सच्या,” बाबा. “कोपर अंगाला.” मग तांबडा. “वहिनी, स्क्रीनवर बोट ठेवा, स्क्रीनवर!” भावजी. ठमी आपली एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. मी वीसेक फोटो काढले. सगळे स्वच्छ, पापणी न् पापणी मोजावी असे. आणि एकातही जीव नव्हता. पासपोर्टला चालले असते.

लॅपटॉपवर ते दोघे अक्षरं मोठी करकरून भांडत होते, “हा बघा काठ”, “काठ कसला, धूर आहे तो.” मी आत जाऊन बाळाचे कपडे घड्या करत बसले. डोळे भरून आले. वाटलं, हे कॅमेऱ्याचं नाहीच. माझंच काहीतरी संपलंय, आणि ही मंडळी उगाच भिंतीचे फोटो काढतायत.

सोमवारी सकाळी घर रिकामं झालं. नवरा कामावर, सासूबाई वाचनालयात. दोन्ही कॅमेरे स्वयंपाकघरातल्या फळीवर, ठमीचा हात पोचणार नाही एवढ्या उंच. आणि ठमी माझ्या कडेवर. ती दात येण्याच्या दिवसांत होती. खाली ठेवलं की भोकाड. उजव्या हाताने मी केळं कुस्करलं, भांडी लावली, यंत्रात कपडे टाकले. दिवसातले निम्मे तास माझ्याकडे एकच हात असतो, आणि तो उजवा. याचं मला काही विशेष वाटेनासं झालं होतं.

तेवढ्यात ठमीने बोट दाखवलं.

हे तिचं नवं होतं, चार दिवसांचं. “अं!” करायचं, बोट रोखायचं आणि आपण तिथे पाहीपर्यंत बोट हलवायचं नाही. मी पाहिलं. नळाच्या तोंडाशी एक थेंब लोंबत होता. पडू की नको करत होता, आणि त्यात खिडकी उलटी दिसत होती.

मी फळीवरून निळा उचलला. बाबांची लेन्स लावलेली होती, चांगलाच जड. चालू करायचं बटण कॅमेऱ्याच्या डाव्या खांद्यावर. डाव्या हातात ठमी. कॅमेरा छातीशी दाबून अंगठा पलीकडे न्यायचा प्रयत्न केला, हनुवटीनेही करून पाहिलं. कसाबसा चालू झाला तर फोकसची कडी फिरवायला हात कुठून आणू? तोवर थेंब पडला.

निळा ठेवला. तांबडा उचलला. त्याचं बटण तर्जनीखालीच. चालू केलं, रोखला, दाबलं. पुढचा थेंब आला होता.

“अं!” ठमी म्हणाली. बोट आता खिडकीबाहेर.

समोरच्या इमारतीला रंग चालला होता. एक रंगारी शिडी धरून उभा होता आणि शिडीवर दुसऱ्याचे फक्त पाय दिसत होते. खालचा त्या पायांशीच बोलत होता. काढला. “अं!” कपड्यांच्या यंत्राच्या गोल काचेत तिचा पिवळा मोजा गरगरत होता. काढला. “अं!” जिन्यात शेजारीण एका पायावर नाचत बूट चढवत होती. “अगं बाई, माझा कसला काढतेस? केस बघ माझे!” असं म्हणता म्हणता हसली. तो काढला.

तास कसा गेला कळलं नाही. कडेवर असलेल्या बाळाचा चेहरा दिसत नाही, दिसते ती फक्त त्याची नजर जाते ती जागा. ती दाखवेल तिकडे मी जात होते. मग एकदा तिचं बोट वर व्हायच्या आधीच माझा हात वर गेला. भिंतीवर पडलेल्या आमच्या दोघींच्या सावलीकडे. दोन डोकी, तीन हात. ते माझं मी पाहिलं होतं.

ती झोपल्यावर सगळे फोटो नीट बघितले. एकतीस. त्यातले बरेच हललेले, चारपाच तिरके. सहा चांगले. शेजारणीचा तर आधीच्या मलाही जमला नसता. यंत्राशेजारी जमिनीवर बसून मी तो कितीतरी वेळ बघत होते, वेड्यासारखी हसत.

संध्याकाळी नवऱ्याला दाखवले. त्याने शांतपणे सगळे पाहिले, दोन पुन्हा पाहिले. “मग ठरलं की.”

“ठरलं. पण बाबांना कोण सांगणार?”

“मी तर नाही बुवा. मला त्यांच्याकडे अधूनमधून जेवायचं असतं.”

मंगळवारी सकाळी बाबा आले ते लेन्सांची पेटी घेऊनच. आल्या आल्या टेबलावर उघडली. दोन लेन्सा आपापल्या खाचेत, लख्ख; तिसरीची खाच रिकामी, ती अजून निळ्यावरच होती. मी एका दमात बोलले, “बाबा, मी तांबडा ठेवतेय.”

त्यांनी पेटीचं झाकण धरून ठेवलं. “रंग आवडले?”

“नाही. रंग निळ्याचेच बरे असतील.”

“मग?”

“तो एका हाताने चालतो.”

“एका हाताने?” त्यांना ते अक्षरशः झोंबलं. “कॅमेरा काय एका हाताने धरायची वस्तू आहे? किती वेळा सांगितलंय, डाव्या तळव्यावर बसवायचा.”

“डाव्या तळव्यावर ही बसते, बाबा.”

ते माझ्याकडे बघत राहिले, मग ठमीकडे. “दे इकडे तिला.”

त्यांनी ठमीला कडेवर घेतलं आणि उजव्या हाताने निळा उचलला. बटणापाशी पोचायला कॅमेरा पोटाशी धरला. ठमीने चष्मा ओढला. चष्मा सोडवला तर तिने पट्टा तोंडात घातला. कॅमेरा चालू झाला, पण लेन्स फिरेना. मग ठमी एकदम मागे झुकली आणि त्यांनी कॅमेरा सोफ्यावर जवळजवळ टाकूनच दोन्ही हातांनी तिला धरलं.

ठमीला मांडीवर घेऊन ते सोफ्यावर बसले.

“तुझ्या लहानपणीचे फोटो आहेत ना,” ते म्हणाले, “त्या सगळ्यांत तू आईच्या कडेवर आहेस. मला वाटायचं, कसा हात बसलाय आपला.”

“चांगलेच आहेत ते.”

“आहेत. पण माझे दोन्ही हात मोकळे होते ना गं.” ठमीने त्यांचं बोट धरून चावायला घेतलं. ते त्यांनी तसंच राहू दिलं. “एकदा तुझी आई म्हणाली होती, मला शिकवा कसा काढतात ते. मी म्हटलं, तू बाळाला धर आधी, पडेल ते.” ठमीची लाळ पुसत म्हणाले, “पुन्हा नाही विचारलं तिने.”

आई जाऊन चार वर्षं झाली. तिला असं कधी वाटलं असेल हे मला माहीतच नव्हतं. मी त्यांच्या शेजारी बसले आणि कालचे फोटो उघडून कॅमेरा त्यांच्या हातात दिला. ते एकेक फोटो बघत पुढे गेले. थेंबापाशी “हं” म्हणाले. रंगाऱ्यांपाशी “शिडी कापलीस” म्हणाले. शेजारणीपाशी काहीच म्हणाले नाहीत, आणि बाबा काहीच म्हणत नाहीत तेव्हा काय समजायचं ते मला लहानपणापासून ठाऊक आहे.

“निळ्यावरची लेन्स काढून पेटीत ठेव. लेन्सा माझ्याकडेच राहू देत,” शेवटी म्हणाले. “पण तुझ्या दिराला मी हरलो म्हणून सांगू नकोस. बाळ जिंकलं म्हण.”

दुकानात बाईंनी विचारलं, “काय मग, कुठला ठेवणार?” मी तोंड उघडायच्या आत बाबाच म्हणाले, “तांबडा. निळा परत. निळा उत्तमच आहे, गैरसमज नको. आमच्याकडे हात कमी आहेत.” बाईंना काही समजलं नसावं, पण त्यांनी मान डोलावून पावती फाडली.

बाहेर पडल्यावर ठमीला घ्यायला मी हात पुढे केले. बाबांनी दिली नाही. “राहू दे. कसली जड आहे गं ही! रोज एवढी घेतेस?”

“रोज.”

“हात भरून येत नाही?”

“येतो.”

त्यांनी तिला खांद्याशी जरा सावरलं. माझ्या गळ्यात नवा कॅमेरा, आणि दोन्ही हात रिकामे. डाव्याचं काय करायचं हेच सुचेना. शेवटी खिशात घातला.

“अं!” ठमी म्हणाली.

“तिकडे!” बाबा ओरडले. “अगं तिकडे बघ, ती काय दाखवतेय! लवकर!”

रस्त्याच्या मधोमध दोन माणसं एक भलीमोठी काच उभी धरून पलीकडे नेत होती, आणि काचेतून गाड्या, झाडं, आकाश असं सगळं हळूहळू चाललं होतं. मी कॅमेरा वर केला.

“आला?”

“आला.”

“दाखव.”

“थांबा ना बाबा,” मी म्हटलं. “ती अजून दाखवतेय.”