उर्वशीची फायनल

नागभीडजवळच्या खेड्यातली उर्वशी शंभर मीटर पळायची. तिच्या बापाला समजावून अजय सरांनी तिला चंद्रपूरला आणलं, स्वतःच्या घरी ठेवलं आणि धावपटू केलं. आईला न सांगितलेल्या गोष्टीही ती सरांना सांगायची.

राष्ट्रीय स्पर्धेच्या सेमीफायनलमध्ये तिच्या मांडीमागे काहीतरी खेचलं गेलं. तरी ती दुसरी आली. संघाच्या फिजिओ फरहा मॅडमनी मांडी दाबून पाहिली. तेवढ्यात त्यांना दुसऱ्या खेळाडूकडे बोलावणं आलं. जाताना दाराबाहेर त्या सरांशी बोलल्या.

सर आत आले. "नुसतं आखडलं आहे म्हणल्या. पट्टी बांधून पळता येते."

फायनलमध्ये अर्ध्या अंतरापर्यंत ती पुढे होती. मग मागून कोणी मांडीवर दगड मारल्यासारखं झालं आणि ती तोंडावर आपटली. स्नायू हाडापासून सुटला होता.

दवाखान्यात फरहा मॅडम तिच्यावर रागावल्याच. "स्नायू फाटतोय, पळू नको, असा निरोप दिला होता. तूच ऐकत नाहीस म्हणाले सर."

उर्वशीने तो निरोप पहिल्यांदाच ऐकला.

संध्याकाळी सर आल्यावर तिने विचारलं. खिडकीकडे पाहत त्यांनी कबूल केलं. राष्ट्रीय शिबिराचे कोच म्हणून त्यांचं नाव चाललं होतं, तिच्या पदकावर अडलं होतं. एवढी एक शर्यत निभून जाईल, असं त्यांना वाटलं होतं.

"मंग मॅडमले माहं नाव काऊन सांगतलं, सर?"



ऑपरेशननंतर तिला न्यायला बाप, सोमाजी, आला. सरांनी त्याला आधीच फोन केला होता. गाडीत बसल्यावर तो हळूच म्हणाला, "पोरी, एवढा हट्ट करायचा नव्हता."

तिने त्याला सगळं सांगितलं. सोमाजी ऐकत राहिला, पण सरांनी घरच्या लेकीसारखं ठेवलं होतं, हेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. वाटेतलं मूल गाव मागे पडलं तेव्हा ती बोलायची थांबली.

वर्षभर फरहा मॅडम तिला फोनवरून व्यायाम सांगत होत्या. जिल्हा स्पर्धेत ती पुन्हा उतरली आणि चौथी आली. सर मैदानावर होते. पाय कसा आहे, असं त्यांनी विचारलं. तिने बुटाची नाडी सोडली, बूट हातात घेतले आणि मॅडमना फोन लावत ती बाहेर पडली.