दोन तोंडांची म्हैस

मालनबाई गांगुर्डे नाशिकला नगरपालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. सत्त्याहत्तर सालच्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांना शहराबाहेरच्या एका रिमांड होममध्ये बोलावणं आलं. मुलांना भित्तिचित्र शिकवायचं होतं.

पहिल्याच दिवशी अधीक्षक यादवसाहेबांनी घोळ सांगितला. मंजुरी कुंपणभिंतीच्या बाहेरच्या अंगाची होती, आणि मुलांना फाटकाबाहेर सोडायची परवानगी नव्हती.

"मग काढणार कोण, साहेब?"

"मुलंच काढतील. तुम्ही बाहेर उभ्या राहा. ती आतून सांगतील."

बाई हसल्या. साहेब हसले नाहीत.

तर बाई रस्त्याकडेला स्टुलावर चढल्या आणि भिंतीपलीकडून हरसूलकडच्या पुंजा नावाच्या पोराचा आवाज आला, "बाई, म्हस काढा! शिंगं लय मोठी! तोंड डावीकडं!"

बाईंनी आपल्या डावीकडे तोंड काढलं. दुसऱ्या दिवशी रंग वाळल्यावर त्यांनी तोंडाच्या जागी भिंतीवर थाप मारून दाखवली, तर मुलांनी आतून दुसऱ्या टोकाला भिंत ठोकली. "तिकडं नाय, इकडं!" समोरासमोरच्या माणसांची डावी बाजू कधी जुळलीय? बाईंनी मुकाट्यानं दुसऱ्या टोकालाही तोंड काढलं. येणारे-जाणारे सायकलवरून उतरून बघायला लागले.

मग पुण्याहून मोठे साहेब तपासणीला आले. म्हशीसमोर बराच वेळ उभे राहिले.

"शेपूट कुठंय?"

"मुलांना विचारावं लागेल," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी हाक मारली.

"शेपूट आत हाय!" पुंजा ओरडला.

खरंच होतं. मुलांनी आतल्या अंगाला कोळशानं ऐसपैस शेपूट काढलं होतं. मोठे साहेब आत जाऊन ते बघून आले आणि गंभीर झाले. सरकारी म्हैस अर्धी आत, अर्धी बाहेर चालणार नाही. शेपूट ताबडतोब बाहेर काढा, असा हुकूम त्यांनी सोडला.

"पण शेपूट मुलांचं आहे, साहेब," मालनबाई जपून म्हणाल्या. "माझ्या हाताला तसं यायचं नाही."

यादवसाहेबांनी कपाळाचा घाम पुसला. शेवटी एका वेळी एक मुलगा, सोबत दोन शिपाई, एवढ्यावर तडजोड झाली.

पुंजा पहिला बाहेर आला. शेपूट कुठून फुटणार हा प्रश्नच होता. त्यानं ते सरळ पाठीतून काढलं. रस्त्याकडे बघत, वाऱ्याला तोंड देत, हातभर शेपूट त्यानं सकाळभर रंगवलं. बाई जवळ उभ्या होत्या. पोर एवढं सावकाश ब्रश फिरवतंय ते कशासाठी, हे त्यांना कळलं.

संध्याकाळी यादवसाहेबांनी विचारलं, "झालं?"

"कुठलं! अजून पुष्कळ बाकी आहे," बाईंनी ठणकावून सांगितलं.

शेपूट वाढत गेलं. कोपऱ्यावरून वळलं, मागच्या बाजूनं शेताकडे गेलं. रोज नवा मुलगा, रोज थोडं शेपूट. शिपायांनी सावलीत घोंगडी टाकली. शेवटचा मुलगा बाहेर आला, त्या दिवशी मालनबाईंनी गोंडा काढायला परवानगी दिली.

यादवसाहेब सगळी भिंत चालून आले आणि दमून स्टुलावर बसले.

"बाई," ते हळूच म्हणाले, "पुढच्या सुट्टीत सापच काढू या का?"