मागची सीट कापायची ठरली तेव्हा

मित्रांनो, मी एका जुन्या मोटरसायकलचा सांगाडा आहे. गॅरेजवाले मला चेसी म्हणतात. मला आता ना चाकं, ना इंजिन, ना टाकी. अकोल्याच्या जुन्या शहरात एका टिनाच्या शेडमध्ये दोन लाकडी ठोकळ्यांवर मला ठेवलं आहे आणि इथे मला घडीभर चैन पडत नाही. ज्याने जन्मभर धावायचं काम केलं त्याला असं बसवून ठेवलं, तर तो चिडणारच.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी काळाकुळकुळीत होतो. मोर्शीच्या देवरावांनी मला घेतलं. संत्र्यांच्या हंगामात माझ्या दोन्ही अंगांना क्रेट बांधून ते अमरावतीच्या बाजारात जायचे. हंगाम सरला की मागच्या सीटवर त्यांच्या पत्नी दुर्गाबाई बसायच्या. साडीचा घोळ सावरत, दोन्ही पाय डावीकडे सोडून, एक हात देवरावांच्या खांद्यावर ठेवून. लग्नकार्य असो, दवाखाना असो की माहेर, मी त्यांना सगळीकडे नेलं. एकदा तर पार सेमाडोहच्या जंगलापर्यंत नेऊन आणलं. दसऱ्याला मला झेंडूचा हार पडायचा, गाव माझं कौतुक करायचं आणि मी फुगून जायचो. तुम्ही हसाल, पण मला सगळ्यात जास्त अभिमान माझ्या मागच्या भागाचा होता. दुर्गाबाईंना इतकी वर्षं मी तिथेच तर सांभाळलं होतं.

देवराव वारले आणि माझे हाल सुरू झाले. मी गोठ्याच्या कोपऱ्यात पडलो. कोणी माझा दिवा नेला, कोणी चाकं नेली, इंजिनही गेलं. कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या. एक दिवस भंगारवाला दारात येऊन उभा राहिला. तेवढ्यात देवरावांची मुलगी रागिणी आली आणि मला टेम्पोत घालून अकोल्याला घेऊन गेली. ती आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवते. आता आपण पुन्हा धावणार, या आनंदात मी टेम्पोतल्या टेम्पोत खडखडत होतो.

पण कसलं काय! रागिणी दर रविवारी येते, फरशीवर खडूने गाडी काढते आणि पुसून टाकते. टाकी एका दूधवाल्याच्या गाडीची, पुढचे शॉकअप कोणा हौशी पोराच्या गाडीचे, इंजिन अमरावतीच्या एका फोटोग्राफरच्या गाडीचं. हे सगळे पाहुणे माझ्याभोवती पडून असतात. टाकी बसली तर हँडल अडतं, हँडल उचललं तर टाकी बुटकी दिसते. पुन्हा नवा बेत, पुन्हा नवा खडू. एवढंही मी सोसलं असतं. पण एका रविवारी तिने माझ्या मागच्या भागावरच रेघ मारली. सीट एकच ठेवायची, बाकी कापून टाकायचं. आधी बाबांच्या मागे बसले, मग भावाच्या मागे, आता माझ्या गाडीला मागची सीटच नको, असं ती शेजारच्या मेकॅनिकला सांगत होती. तिचं म्हणणं खरं असेल, पण कापणार मला होते ना! माझी झोप उडाली.

मला एकच आशा होती. दुर्गाबाई मोर्शीहून येणार होत्या, आणि आपली जागा त्या कापू देणार नाहीत, याची मला खात्री होती.

दुर्गाबाई आल्या. त्यांनी माझ्यावरून हात फिरवला आणि ती रेघ पाहिली. रागिणीने अडखळत बेत सांगितला. दुर्गाबाईंनी त्या रेघेवर बोट ठेवलं.

"काप," त्या म्हणाल्या. "त्या सीटवर बसून मी काय पाह्यलं? समोर तुया बाबाची पाठ, अन् बाजूनं मागं पळनारी झाडं. सेमाडोहले हे म्हनले, रानगवा उभा हाये. मी वाकून पाहेपर्यंत तो झाडीत शिरला. समोरून येनारा रस्ता मले कधी दिसलाच नाही."

"मंग तवाच सांगतलं काहून नाही?" रागिणीने विचारलं.

"कोनी इचारलं?"

मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. ज्या जागेचा मी तोरा मिरवला, तिथून त्या बाईला रस्ताच दिसत नव्हता.

रागिणीने फरशी ओल्या फडक्याने पुसली आणि नव्याने गाडी काढली. माझा कापलेला भाग माझ्याच डाव्या अंगाला जोडलेला, त्याला तिसरं चाक आणि त्यावर एक खुर्ची, म्हणजे साइडकारच. तोंड समोर. मग तिने माझ्या शेजारी प्लॅस्टिकची खुर्ची ठेवून दुर्गाबाईंना बसवलं आणि गुडघ्यांचं माप घेतलं. वारा लागू नये म्हणून पुढे काच लावू का, असं तिने विचारलं.

"लाव. पन खाली लाव," दुर्गाबाई म्हणाल्या. "मले दिसलं पायजे."

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी गाडी असेल तर तिला गंज चढू देऊ नका, तिचे भाग असे कोणालाही नेऊ देऊ नका. आणि तिच्यावर मागे बसणाऱ्या माणसाला एकदा विचारा, तुला तिथून काय दिसतं. माझ्या नव्या रूपाला अजून आरटीओची परवानगी मिळायची आहे, तोवर मला कापता येत नाही, म्हणून रागिणी तिथे खेटे घालते आहे. ती आली की मी कान टवकारतो आणि ती गेली की पुन्हा तळमळत बसतो. कापलं जाण्याची भीती मला आता उरलेली नाही. भीती आहे ती उशिराची. दुर्गाबाईंनी सत्तरी ओलांडली आहे. कापायचं तर मला लवकर कापा.