न फाटणारी सीट

मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळ जण माझ्यावर बसून गेले असतील आणि उतरताना त्यांनी वळूनही पाहिले नसेल. त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. सीटकडे वळून कोण पाहते? मी एका शहरी बसमधली जुनी सीट आहे. मागच्या दाराजवळची, खिडकीकडची. माझा सांगाडा लोखंडाचा आहे, त्यावर फोमची गादी आहे आणि गादीवर असे कापड आहे, की ते सहजासहजी फाटत नाही, पेटत नाही, त्यावर शाई टिकत नाही आणि पाणी मुरत नाही. हे कापड अंगावर आल्यापासून मला फारसे काही जाणवतही नाही. तेव्हा माझी गोष्ट थोडी कोरडी वाटली, तर सांभाळून घ्या.

पूर्वी मी अशी नव्हते. माझ्यावर हिरवे रेक्झिन होते. उन्हात ते तापायचे आणि बसणाऱ्याला चटका द्यायचे. लोक त्यावर किल्लीने नावे कोरत, बदाम काढत. कुणी पेनाने भोक पाडे, दुसरा त्यात बोट घालून ते मोठे करी आणि तिसरा आतला फोम चिमटीचिमटीने उपटत बसे. तिघांची एकमेकांशी ओळखही नसे, पण काम मात्र तिघे मिळून तडीस नेत.

मग मला डेपोत उतरवून शिलाई खात्यात नेत. शिलाई खाते म्हणजे पत्र्याची एक लांब खोली. तिथे मास्तर बसत. उंच, जरा पोक आलेले, खिशात कटर आणि ओठांत दोरा. मला पाहिले की ते आधी शिव्या घालत. मला नव्हे, फाडणाऱ्याला. "आलीस परत? कोणाचे हात शिवशिवले होते गं? स्वतःच्या घरची गादी फाडेल का हा शहाणा?" तोंडाने असे म्हणत, पण हात खुशीत असत. फाटलेली बाजू ते तळव्याने सपाट करत, आतून तुकडा लावत आणि बारीक टाके घालत. काम झाले की माझ्यावर थाप मारत. "जा, मिरव आता."

दुपारी मास्तरांची धाकटी बहीण त्यांचा डबा घेऊन येई. वडील लवकर गेले होते आणि आईच्या हातून फारसे काम होत नव्हते. त्यामुळे धाकटीचे सगळे मास्तरच पाहत. शाळेची फी, चपला, तापाचे औषध, सगळे. ती दुरुस्त झालेल्या एखाद्या सीटवर मांडी घालून अभ्यास करी, मधूनच मास्तरांना कापड ताणून धरी. मास्तरांच्या बोटांना सुया टोचून टोचून घट्टे पडले होते. ती त्यांच्याकडे बघत राही. एकदा ती म्हणाली, "दादा, तुला तीच तीच सीट परत शिवावी लागते. मी मोठी झाले की असं कापड करीन, जे कुणाला फाडताच येणार नाही."

"कर बाई. माझी तरी सुटका होईल."

मास्तर गमतीने बोलले होते. धाकटीने ते मनावर घेतले.

ती शिकली. कापडाचेच शिक्षण घेतले आणि सीटची कापडे बनवणाऱ्या एका कारखान्यात लागली. काही वर्षांनी डेपोच्या साहेबांनी नव्या कापडाचे काम त्याच कारखान्याला दिले आणि ते तिच्या टेबलावर आले. चाचणीसाठी तिने डेपोकडे एक जुनी सीट मागितली. सगळ्यांत जास्त टाके असलेली पाठवा, असे तिने कळवले होते. म्हणून मी गेले.

प्रयोगशाळेत माझे फार हाल झाले असे तुम्हाला वाटेल. माझ्यावर एकामागून एक कापडे चढवली. त्यांवर यंत्राने घासले, शाई ओतली, च्युइंगम चिकटवून वाळवले, लायटर धरला, चाकू चालवला. सुरुवातीला ते सारे मला कळत होते. नंतर कमी कमी कळू लागले. धाकटी हुशार होती. तिच्या लक्षात आले होते, की माणसाला रिकामी जागा दिसली की तिथे काहीतरी लिहावेसे वाटते. म्हणून तिने कापडावर रंगीत रेघांची अशी दाटी केली, की लिहिलेले दिसूच नये. सीट फाडण्यातली खरी मजा आत हात घालून फोम उपटण्यात असते, हेही तिने ओळखले होते. म्हणून मखमलीसारख्या लवेच्या खाली तिने तारेची बारीक जाळी बसवली. चाकूने वरची लव चिरली जाई, पण पाते जाळीवर अडे. पुढे काहीच होत नाही म्हटल्यावर फाडणारा कंटाळतो.

शेवटचे कापड ठरले, तेव्हा ते माझ्यावर बसवायला मास्तरांनाच बोलावले. त्यांनी ते ताणून, कोपरे दुमडून, पिना मारून चोख बसवले. मग सवयीने तळवा फिरवला.

"कसं झालंय, दादा?" धाकटीने विचारले.

"पक्कं आहे," मास्तर म्हणाले. त्यांनी थाप मारली असावी. मला आवाज आला, थाप लागली नाही.

हळूहळू सगळ्या बसमधल्या सीटना तेच कापड लागले. माझी बस पुन्हा रस्त्यावर धावू लागली. लोकांनी किल्ल्या चालवून पाहिल्या, पेने चालवून पाहिली आणि नाद सोडला. कित्येक महिने गेले तरी डेपोत एकही फाटकी सीट उतरली नाही. मास्तर रोज येऊन मशिनला तेल घालत आणि बसून राहत. अखेर एक दिवस फोरमन खोलीत आले. ते मास्तरांचे जुने सोबती होते. दारातच घुटमळले.

"मास्तर, वरून आलंय. शिलाई खातं बंद. फाटतच नाही, तर शिवणार काय, असं म्हणतात."

"बरोबर आहे."

"तुम्हाला धुलाईवर घेतलंय. पगार तोच."

"ठीक आहे."

फोरमनना वाटले, मास्तर भांडतील. ते भांडले नाहीत. त्यांनी मशिनवर कापड टाकले, कटर खिशात ठेवला आणि बादली घेतली. तेव्हापासून ते आमच्या बस धुऊ लागले. माझ्यावरून रोज त्यांचा ओला ब्रश फिरे. पूर्वी ते काम करताना सारखे बोलत, आता एक शब्दही बोलत नसत. मला वाटते, त्यांच्यावरही कसलेसे कापड चढले होते.

त्याच दिवसांत धाकटीचे खूप कौतुक झाले. वर्तमानपत्राचा माणूस फोटो काढायला डेपोत आला. तिला माझ्या शेजारी उभे केले. मी चमकावी म्हणून मास्तर मला आधीच पुसून गेले होते. ते बादली घेऊन उतरत असताना धाकटीने हाक मारली, "दादा, ये ना फोटोत."

"नको. हात ओले आहेत."

"काका, जरा बाजूला व्हा," फोटोवाला म्हणाला. मास्तर बाजूला झाले.

संध्याकाळी भाऊ-बहीण याच बसने घरी निघाले. धाकटीने विचारले, "दादा, नवीन काम जमतंय ना?" मास्तर म्हणाले, "जमतंय की. हलकं आहे." ती दमली होती. तिने मान मागे टेकली आणि तिला झोप लागली. मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले.

मित्रांनो, आता जे घडले ते सांगते. एका दुपारी बस धुण्याच्या जागेवर उभी होती. आत मास्तर एकटेच. त्यांनी फडक्याने हात कोरडे केले आणि माझ्या शेजारच्या सीटवर बसले. खिशातून कटर काढला आणि माझ्या शिवणीला लागून वरपासून खालपर्यंत सरळ चिरले. मला दुखले नाही. पाते जाळीवर थांबले. त्यांनी पुन्हा जोर लावला. पुन्हा थांबले. चिरेत बोट घालून ते थोडा वेळ तसेच बसले. मग उठले आणि राहिलेली फरशी धुऊन काढली.

कंडक्टरने चीर पाहिली आणि डेपोत गडबड उडाली. नव्या कापडावरचा तो पहिलाच मोठा वार होता. दुसऱ्या शहरांचे साहेब हेच कापड घेणार होते आणि ते पाहायला लवकरच येणार होते. फोरमन लालबुंद झाले. "सापडू दे, पोलिसातच देतो!" त्यांनी धाकटीला तातडीने बोलावले.

ती आली, माझ्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि चिरेवरून बोट फिरवले. रागाने फाडणारा आडवेतिडवे फाडतो. ही चीर पट्टीने आखल्यासारखी शिवणीला धरून गेली होती. जुने कापड उतरवताना असे कापतात. लहानपणी तिने ते रोज पाहिले होते. तिचे बोट थांबले.

मास्तर बादली घेऊन पायरीशीच उभे होते.

"दादा," ती वळली नाही. "हे तू केलंस?"

"हो."

फोरमनच्या हातातली शिट्टी खाली पडली. "मास्तर? तुम्ही? अहो, काय बोलताय?"

"मीच कापलं. पोलिसांना सांगायचं तर सांगा."

धाकटी उठली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "माझा राग आला होता, तर मला बोलायचंस. चार शिव्या घालायच्यास. माझं काम का कापलंस?"

"तुझा राग नाही गं." मास्तरांनी बादली खाली ठेवली. "मला कापायचं नव्हतं. मला शिवायचं होतं. आणि ते फाटेचना."

बाहेर नळ वाहत होता, तो कुणी बंद केला नाही. फोरमन हळूच माझ्या समोरच्या सीटवर टेकले. त्यांनी रुमालाने मान पुसली आणि घसा खाकरला.

"मग शिवा ना," ते खेकसले. "चीर पडलीय की. बघत काय उभे राहिलात?"

कुलूप लागलेल्या खोलीतून सुई-दोरा आला. मास्तर माझ्यापुढे बसले. पहिलाच टाका घालताना सुई जाळीवर आपटून मोडली. दुसरीही मोडली. धाकटी त्यांच्या शेजारी बसली. तिने वरची लव दोन बोटांनी अलगद उचलून धरली आणि म्हणाली, "खालून नको घेऊस. जाळीच्या वरून काढ. मी धरते."

"जरा ताण."

"एवढं?"

"अजून थोडं. हां, बस."

ती धरत गेली, ते शिवत गेले. मध्येच तिच्या डोळ्यांतून पाणी माझ्यावर पडले. माझ्या कापडात पाणी मुरत नाही. ते घरंगळून खाली गेले. मास्तरांनी ते पाहिले, पण ते रडले नाहीत. दोरा दाताने तोडून ते म्हणाले, "तुला पहिल्यापासून धरायला छान जमतं."

फोरमननी पोलिसांना सांगितले नाही, पण वर कळवावे लागले. मास्तरांना समज मिळाली. साहेब येऊन पाहणी करून गेले आणि त्यांनी कापड घेतले. एवढे कापूनही जाळी शाबूत राहिली, हे त्यांना फार आवडले. धाकटीने मग नव्या कापडात एक बदल सुचवला. वरचा थर सुटा करून शिवता यावा, असा. "न फाटणाऱ्या सीटला शिवायची सोय कशाला?" असे म्हणून तो नाकारण्यात आला. तिने पुढच्या वर्षी तो पुन्हा मांडला. पुन्हा नाकारला गेला.

मास्तरांनी डेपो सोडला. बाजारामागच्या गल्लीत एक गाळा घेऊन ते सोफे, स्कूटरच्या सीटा, दवाखान्यातल्या खुर्च्या शिवू लागले. मी मात्र रस्त्यावर धावतच राहिले. कुणीतरी माझ्या टाक्यांवरून बोट फिरवी आणि पुढच्या थांब्यावर उतरून जाई.

एका संध्याकाळी ती दोघे पुन्हा माझ्या बसमध्ये चढली. मास्तर खिडकीशी माझ्यावर बसले, धाकटी शेजारी. तिने विचारले, "दुकान कसं चाललंय?" मास्तर गप्प राहतील असे मला वाटले. पण त्यांनी तोंड उघडले ते मिटेचना. एका बाईने सोफ्याचा रंग तीनदा बदलला. फोमवाला ओला माल देतो. कंबर धरते. शेजारचा गाळेवाला रेडिओ मोठ्याने लावतो. दातांच्या डॉक्टरची खुर्ची कुणी अशी फाडली होती, की पाहून अंगावर काटा यावा. "मेल्याला तोंड उघडायला सांगितलं होतं, खुर्ची नाही!" मास्तर म्हणाले. धाकटीचा थांबा आला. तिने त्याकडे पाहिले आणि ती बसून राहिली. त्याच्या पुढचाही थांबा गेला. मास्तर अजून डॉक्टरच्या खुर्चीवरच होते.

मित्रांनो, मला जपा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. न जपताही टिकावे, म्हणूनच मला बनवले आहे. पण तुमच्या घरी कुणी अशी कुरकुर लावली, तर लगेच उठून जाऊ नका. तुमचा थांबा आला तरी थोडे बसा.