ओटीचं बिल

वारूळवाडीत सयाजीनं मार्ट काढलं आणि साबणाच्या वडीसाठीही पिशवी दारात जमा करायची शिस्त गावाला लावली. सल्लागार होता भाचा आदेश. तो पुण्यात वकिली शिकत होता, म्हणजे दुसऱ्या वर्षाला पुन्हा बसला होता. "संशयिताला दुकानदार थांबवू शकतो, मामा. कारण वाजवी, वेळ वाजवी. कोर्टात हा बचाव चालतो." सयाजीनं त्यातलं 'थांबवू शकतो' तेवढं पाठ केलं.

एका दुपारी घाटघरची लंकाबाई साबण घेऊन गल्ल्याशी आली. पदर फुगलेला, कमरेला गच्च खोचलेला. सयाजीनं ऑफर पुकारायचा माइक उचलला.

"ओ मावशी, पदरात काय चोरलंय?"

सारं दुकान वळून बघू लागलं.

"ओटी हाय, भाऊ." लंकाबाईनं पदर उघडला. तांदूळ, हळकुंड, नारळ, खण. खणावर मार्टचं लेबल.

"बिल दाखवा."

"ओटीचं बिल? राव, जेवल्यावर बायकूकडं पावती मागता का तुमी?"

बायका फिदीफिदी हसल्या. सयाजीला हसणं सोसत नसे. ओटी कुणी भरली हे न विचारताच त्यानं म्हातारीला गोदामात बसवलं आणि बाहेरून कडी घातली. घाटघरची एसटी निघून गेली. "वाजवी वेळ लवचिक असतो, मामा," आदेशनं फोनवर धीर दिला.

शेवटी कुणीतरी सयाजीच्या बायकोला, आरतीला कळवलं. ती धावतच आली.

"अहो, माझ्या माहेरच्या शेजारीण त्या! सवाष्ण घरी आली, रिकामी कशी धाडू? घरच्याच दुकानातला खण घातला मी."

कडी निघाली. लंकाबाई साखरेच्या पोत्यावरून हलली नाही.

"आजवर मला कुनी चोर म्हनलं न्हाई. तू माइकवर म्हनलास. आता माइकवरच माफी माग."

"माफी म्हणजे कबुली!" फोनमधून आदेश किंचाळला. "प्रामाणिक गैरसमज म्हणा."

सयाजीनं घसा खाकरला. "सदर महिलेबाबत व्यवस्थापनाचा प्रामाणिक गैरसमज झाला व्हता. साबणावर आज दहा टक्के सूट."

लंकाबाई उठली. खण गल्ल्यावर ठेवून निघाली. भरलेली ओटी कुणी परत करतं का! आरतीच्या तोंडचं पाणी पळालं. ती तशीच मागोमाग गेली, समोरच्या दिलशादच्या दुकानातून नवा खण घेतला आणि तिथंच, भर रस्त्यात, ओटी पुन्हा भरली. मार्टातल्या बायका टोपल्या जिथल्या तिथं टाकून बघायला गेल्या आणि सामान तिकडंच घेऊ लागल्या.

"केस करते म्हणाली का?" आदेशनं विचारलं.

"न्हाई."

"मग जिंकलो, मामा!"

सयाजीला ते पटलं. पटायला दुकानात दुसरं कुणी उरलंही नव्हतं.